दिसण्यासाठी किती प्रकाश पुरतो? – सेलिग हेक्ट यांची आठवण

अमावास्येच्या रात्री एखाद्या अंधूक ताऱ्याकडे सरळ टक लावून पाहिले तर तो दिसेनासा होतो. नजर थोडी बाजूला वळवली की पुन्हा दिसू लागतो. आकाशनिरीक्षण करणाऱ्यांना ही युक्ती ठाऊक असते. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावर फक्त शंक्वाकार पेशी असतात आणि त्यांना भरपूर उजेड लागतो. मंद उजेडात काम करणाऱ्या दंडाकार पेशी मध्यापासून दूर, साधारणपणे २० अंशांवर सर्वांत दाट असतात. पण या पेशींना तरी कमीत कमी किती प्रकाश लागतो? या प्रश्नाचे नेमके उत्तर १९४२ साली मिळाले. ते काढणाऱ्या तिघांतले ज्येष्ठ संशोधक होते सेलिग हेक्ट.

हेक्ट यांचा जन्म १८९२ साली तेव्हाच्या जर्मनीतील ग्लोगाऊ गावी झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. लहानपणीच ते कुटुंबासह न्यूयॉर्कला आले. सिटी कॉलेजात शिकून १९१७ साली त्यांनी हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवली आणि १९२६ पासून अखेरपर्यंत ते कोलंबिया विद्यापीठात होते. त्यांच्या संशोधनाची सुरुवात माणसाच्या डोळ्यापासून झाली नाही. समुद्रकाठच्या चिखलात राहणारा एक शिंपला त्यांनी निवडला. प्रकाश पडला की हा शिंपला आपली नळी आत ओढून घेतो. किती प्रकाशाला किती वेळाने नळी आत जाते, हे हेक्ट यांनी काटेकोरपणे मोजले. त्यावरून त्यांनी मांडले, की प्रकाशाने एका रसायनाचे विघटन होते आणि अंधारात ते पुन्हा तयार होते. हे रसायन त्यांच्या हाती आलेले नव्हते, पण त्याचे वर्तन आकड्यांतून कळत होते.

आता १९४२ च्या प्रयोगाकडे वळू. हेक्ट, सायमन श्लेअर आणि मॉरिस पिरेन हे तिघे स्वतःच निरीक्षकही झाले. अंधारात निदान अर्धा तास बसून डोळे पूर्ण सरावले की एकाच डोळ्यात, मध्यापासून २० अंश बाजूला, हिरवट प्रकाशाचा एक बारीक ठिपका फक्त एक सहस्रांश सेकंद चमकवायचा. निरीक्षकाने एवढेच सांगायचे: दिसला किंवा नाही. दर १०० पैकी ६० वेळा दिसावा इतका प्रकाश म्हणजे दिसण्याची सीमा, असे त्यांनी ठरवले. त्यासाठी डोळ्यावर ५४ ते १४८ प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, पडावे लागत होते.

हे सगळे फोटॉन कामी येतात का? वर्गात फळ्यावर करता येईल असा हा हिशेब आहे. समजा, डोळ्यावर १०० फोटॉन आले. सुमारे ४ टक्के पारपटलावरूनच परत फिरतात, उरले ९६. डोळ्यातील भिंग व द्रव यांतून जाताना जवळजवळ निम्मे गळतात; उरले ४८. दंडाकार पेशींतले ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य त्यांतले फार तर २० टक्के शोषते. म्हणजे साधारण १०. याच रीतीने ५४ ते १४८ या आकड्यांचे ५ ते १४ होतात.

हा ठिपका सुमारे ५०० दंडाकार पेशींवर पसरलेला होता. इतके थोडे फोटॉन इतक्या पेशींवर विखुरले तर दोन फोटॉन एकाच पेशीत पडण्याची शक्यता फारच कमी. तेव्हा एका पेशीला जागे करायला एक फोटॉन पुरतो, असा निष्कर्ष निघाला.

प्रयोगाचा दुसरा भाग शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. तोच निरीक्षक, तोच प्रकाश, तरी कधी ठिपका दिसतो, कधी दिसत नाही. असे का? लक्ष विचलित झाले, शरीराची स्थिती बदलली, असे आपण चटकन म्हणू. हेक्ट यांनी निराळा विचार केला. पावसाच्या पहिल्या थेंबांच्या वेळी अंगणातल्या सारख्या फरश्या पाहा. एकेका फरशीवर सरासरी सहा थेंब पडले, तरी एखादीवर चार असतात, एखादीवर नऊ. फोटॉनचेही तसेच. दिवा तोच असला तरी दर वेळी शोषले जाणारे फोटॉन कमीजास्त होणारच. प्रकाश वाढवत नेला की ‘दिसला’ या उत्तरांचे प्रमाण किती झपाट्याने वाढते, यावरून किमान किती फोटॉन हवेत हे गणिताने काढता येते. हे उत्तर ५ ते ८ च्या घरात आले. दोन अगदी वेगळ्या वाटांनी जवळपास तीच संख्या! उत्तरांतली चलबिचल मुख्यतः प्रकाशाच्याच स्वभावात होती. निरीक्षकाचा त्यात फारसा दोष नव्हता.

पुढे १९७९ साली बेलर, लॅम्ब आणि याऊ यांनी भेकाच्या एकेका दंडाकार पेशीतला विद्युतप्रवाह मोजला आणि एका फोटॉनला मिळणारा प्रतिसाद प्रत्यक्ष दाखवला.

हेक्ट यांचा सर्वांत नावाजलेला विद्यार्थी म्हणजे जॉर्ज वॉल्ड. गुरूंच्या समीकरणांमागे असलेले रेणू प्रत्यक्ष हाती यावेत, ही ओढ घेऊन वॉल्ड प्रयोगशाळेबाहेर पडले. १९३३ साली, बर्लिनमध्ये काम करत असताना, त्यांना दृष्टिपटलात ‘अ’ जीवनसत्त्व सापडले. ऱ्होडॉप्सिन तयार होण्यासाठी ते लागते. इकडे हेक्ट आणि मँडेलबाउम यांनी माणसांना ‘अ’ जीवनसत्त्व कमी असलेला आहार देऊन अंधारातली त्यांची नजर मंदावते हे मोजून दाखवले. रातांधळेपणाचे कोडे असे दोन्ही बाजूंनी उलगडत गेले. भारतात १९७० पासून लहान मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे हेच ज्ञान आहे.

हेक्ट यांचे सगळेच म्हणणे टिकले असे नाही. अंधाराला डोळा सरावणे म्हणजे केवळ रंगद्रव्याचा साठा भरून येणे, असे त्यांना वाटे. पुढे दिसून आले, की थोडेसेच रंगद्रव्य खर्ची पडले तरी डोळ्याची संवेदनक्षमता कितीतरी पटींनी घटते. म्हणजे पेशी आणि चेतातंतूंच्या जाळ्याचाही त्यात वाटा असतो. सिद्धान्त बदलला, पण काळजीपूर्वक घेतलेली मोजमापे आजही उपयोगी पडतात.

अणुबॉम्बनंतर सामान्य नागरिकाला अणू समजलाच पाहिजे, या तळमळीने हेक्ट यांनी ‘एक्सप्लेनिंग द ॲटम’ हे सोपे पुस्तक लिहिले. ते १९४७ साली निघाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात, वयाच्या ५५ व्या वर्षी, हेक्ट वारले.

वॉल्ड यांनी १९४८ साली त्यांच्यावर स्मृतिलेख लिहिला. १९६७ साली वॉल्ड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतरही, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीसाठी हेक्ट यांचे चरित्र त्यांनीच लिहिले. ते १९९१ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा वॉल्ड ऐंशी ओलांडून गेले होते आणि गुरूंना जाऊन ४४ वर्षे झाली होती.