चर्चमधील बालसंरक्षण : गुप्ततेकडून तक्रारीकडे

कॅथलिक चर्चमधील बालकांच्या लैंगिक शोषणाचा प्रश्न जगभर ऐरणीवर आला तो जानेवारी २००२ मध्ये. जॉन गेगन या धर्मगुरूविरुद्ध १३० हून अधिक जणांनी केलेल्या तक्रारींचा तपशील अमेरिकेतील 'बॉस्टन ग्लोब' या दैनिकाने प्रसिद्ध केला. तक्रारी ठाऊक असूनही वरिष्ठांनी त्याची केवळ एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये बदली केली होती. नव्या ठिकाणच्या पालकांना मात्र अंधारात ठेवण्यात आले. डिसेंबर २००२ मध्ये बॉस्टनचे आर्चबिशप कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना पद सोडावे लागले.

जॉन जे महाविद्यालयाच्या २००४ च्या अहवालानुसार, १९५० ते २००२ या काळात अमेरिकेत ४,३९२ धर्मगुरूंवर असे आरोप झाले. तक्रारदारांची संख्या १०,६६७ होती.

डॅलसची सनद : अमेरिकी बिशपांनी जून २००२ मध्ये डॅलस येथे बालसंरक्षणाची सनद संमत केली. शोषणाची एक घटना जरी सिद्ध झाली, तरी धर्मगुरूला सेवेतून कायमचे दूर करणे, मुलांशी संबंध येणाऱ्यांची पूर्वपीठिका तपासणे, तक्रार शासकीय यंत्रणेला कळविणे आणि चौकशी समितीत बहुसंख्य सदस्य चर्चच्या सेवेबाहेरील असणे, ही तिची प्रमुख सूत्रे होत.

व्हॅटिकनची पावले : फेब्रुवारी २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या प्रश्नावर जगभरातील बिशप परिषदांच्या प्रमुखांची बैठक बोलाविली. तिच्या संयोजन समितीत मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांचा समावेश होता. त्याच वर्षी शोषणाची माहिती चर्चच्या वरिष्ठांना देणे धर्मगुरूंवर बंधनकारक झाले, तर डिसेंबरमध्ये अशा खटल्यांवरील गोपनीयतेचा नियम रद्द झाला. मात्र, पोलिसांकडे जाण्याचे बंधन त्या त्या देशाच्या कायद्यावर सोपविण्यात आले.

भारतातील कायदा : भारतात हे बंधन 'पॉक्सो' कायद्याने (२०१२) घातले आहे. अठरा वर्षांखालील बालकाच्या शोषणाची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळविली पाहिजे. हाताखालील व्यक्तीचा गुन्हा दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. चर्च, मंदिर, मदरसा वा शाळा, कोणीही त्यास अपवाद नाही. मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

संस्थेची अब्रू राखण्यासाठी पाळलेले मौन पुढच्या बालकाला संकटात लोटते, हाच बॉस्टन प्रकरणाचा धडा होय.