एसी नव्हता, तरी महाल थंड कसा? नगरच्या फराहबागेतून समजून घ्या शाश्वत वास्तुरचना

मे महिन्यातली दुपार. वर चार-पाच इंचांचा स्लॅब तापलेला आणि पंखा गरम हवाच फिरवतोय. मग एसी येतो आणि वीजबिल वाढतं. घराचा आराखडा काढतानाच हे टाळता येतं का? आर्किटेक्चरमधला ‘शाश्वत वास्तुरचना’ हा विषय याचं उत्तर शोधतो. त्याचं एक जुनं उदाहरण अहिल्यानगर (अहमदनगर) शहरालगतच आहे.

फराहबाग म्हणजे काय?

शहराच्या आग्नेयेला निजामशाहीतला हा महाल आहे. मुर्तझा निजामशाहाच्या काळात, १५८३ मध्ये तो पूर्ण झाला. दोन मजली, अष्टकोनी इमारत, मध्ये उंच घुमटाचं दालन आणि चहूबाजूंनी तलाव, अशी त्याची रचना. आज तलाव कोरडा आहे आणि महालाची पडझड झाली आहे. तरीही रचना नीट वाचता येते.

तो थंड कसा राहायचा?

यामागे तीन गोष्टी आहेत.

- पाणी : पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता शोषून घेतं. एक लिटर पाण्याच्या वाफेमागे साधारण ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता खर्च होते. त्यामुळे तलावावरून येणारी हवा थोडी थंड होऊनच आत शिरते.
- जाड भिंती : दगड-चुन्याची जाड भिंत हळूहळू तापते. दुपारची उष्णता आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ झालेली असते.
- उंची : गरम हवा हलकी असल्याने वर जाते. उंच दालनात ती माणसांच्या डोक्यावर, वरच्या भागात राहते.

मग घराभोवती तळं बांधायचं का?

नाही, आणि खरा धडा इथेच आहे. निजामशाहीत कापूरवाडी, शेंडी अशा आसपासच्या गावांकडून खापरी नळांतून शहराला पाणी आणलं जाई. आज जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. पाथर्डी, पारनेरसारख्या तालुक्यांत उन्हाळ्यात टँकर सुरू करावे लागतात. अशा ठिकाणी गारव्यासाठी पाणी उडवणं शाश्वत म्हणता येणार नाही. शिवाय ही युक्ती कोरड्या हवेतच चालते. कोकणातल्या दमट हवेत तिचा फारसा उपयोग नाही.

म्हणून महालाची नक्कल करायची नाही, त्यातलं तत्त्व घ्यायचं. पाण्याचं काम सावली, झाडं आणि रात्रीचा वारा यांच्याकडून करून घ्यायचं. जिल्ह्यातल्या जुन्या माळवदी घरांनी हेच केलं. लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असल्याने ऊन आत यायला वेळ लागायचा. मात्र पावसाळ्यापूर्वी दरवर्षी डागडुजी करावी लागे आणि पाऊस लांबला की छत गळायचं. स्लॅब आला तो याच त्रासातून सुटका म्हणून.

हे शिकायचं कुठे, कसं?

बी. आर्क. हा पाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. त्यासाठी नाटा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर द्यावा लागतो. ‘आर्किटेक्ट’ म्हणून काम करायचं तर १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते. हवामानानुसार रचना हा विषय पदवीतच येतो. पुढे एम. आर्क. करताना शाश्वत वास्तुरचनेत विशेष अभ्यास करता येतो.

विद्यार्थ्यांना नियमही शिकावे लागतात. व्यावसायिक इमारतींसाठी २००७ मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, तर घरांसाठी २०१८ मध्ये इको निवास संहिता आली. ‘गृह’ ही भारतीय मानांकन पद्धत इमारतीला एक ते पाच तारे देते. या संहितांसाठी देशाचे पाच हवामान विभाग केले आहेत, कारण एकच नकाशा सगळीकडे चालत नाही.

घर बांधणाऱ्यांनी काय विचारावं?

आर्किटेक्ट किंवा गवंड्याला हे चार प्रश्न आधीच विचारा :

१. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन किती आणि तिथे मोठी खिडकी खरंच हवी का?
२. वारा आत शिरायला आणि बाहेर पडायला समोरासमोर वाट आहे का?
३. खिडक्यांवर पुरेसं छज्जं आहे का?
४. स्लॅबवर उष्णतारोधक थर किंवा निदान पांढरा रंग देणार का?

रंग नंतरही देता येतो, खिडकीची दिशा मात्र बदलता येत नाही. म्हणून हे प्रश्न पाया खणण्याआधी विचारायला हवेत.