पाव गोळीचा हिशेब

ताप आलेल्या, अंग दुखणाऱ्या मुलाला मोठ्यांच्या गोळीचा चतकोर तुकडा मोडून द्यायचा, हा हिशेब आपल्याकडे अनेक घरांत चालत आला आहे. पण चतकोरच का? या प्रश्नाला एक जुने गणिती उत्तर आहे, आणि ते ज्याच्या नावाने ओळखले जाते तो आपल्याला भौतिकशास्त्राच्या पुस्तकात भेटतो.

प्रकाशाचे व्यतिकरण दाखवणारा थॉमस यंग पेशाने डॉक्टर होता. मुलाच्या वयाला 'वय अधिक 12' ने भागायचे आणि मोठ्यांच्या मात्रेचा तेवढा भाग मुलाला द्यायचा, हा त्याचा नियम 19व्या शतकात रूढ झाला. चार वर्षांच्या मुलासाठी 4 भागिले 16, म्हणजे बरोबर पाव. सूत्र देखणे आहे, मात्र मुलाचे वजन त्यात कुठेच येत नाही.

ही उणीव केवढी मोठी आहे, ते दुष्काळी मुलखात उघड होते. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. पाठोपाठ 1972चा दुष्काळ आला. प्रकल्पाने खेड्यातल्या बायकांना, त्यातल्या कितीतरी निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. पाच वर्षांखालच्या मुलांची वजने करून ती वयाशी ताडून पाहणे हे त्यांच्या कामांपैकी एक. हेतू कुपोषण ओळखण्याचा होता, औषधाची मात्रा ठरवण्याचा नव्हे. तरी असा वजनाचा तक्ता आपण यंगच्या सूत्राशेजारी ठेवून पाहू.

चार वर्षांचे मूल साधारण 16 किलोचे असते. प्रौढ 60 किलोचा धरला तर हे प्रमाण पावाच्या जवळ जाते आणि यंग खरा ठरतो. पण मूल 10 किलोचेच भरले तर? वजनाच्या हिशेबाने त्याचा वाटा एक षष्ठांश. पाव गोळी त्याला दीडपट होते! शिवाय इबुप्रोफेनसारखी दाहशामक औषधे रक्तात सुमारे 99 टक्के अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतात आणि परिणाम घडवतो तो उरलेला मोकळा अंश. कुपोषणाने अल्ब्युमिन घटले की हा अंश वाढू शकतो.

मग किलोने भागले की झाले? तेही पुरत नाही. औषध मोडणारी यकृतातली विकरे आणि ते बाहेर टाकणारी मूत्रपिंडे वजनाच्या चालीने वाढत नाहीत. हृदयाजवळची, जन्मानंतर मिटायला हवी ती रक्तवाहिनी उघडी राहिली तर इंडोमेथासिन देऊन ती मिटवता येते, हे 1976 साली दाखवले गेले. किरणोत्साराच्या धड्यातला अर्धायुष्यकाल औषधांनाही असतो. इंडोमेथासिनचा प्रौढात तो 4-5 तास, तर अपुऱ्या दिवसांच्या बाळात 15 तासांहूनही अधिक. उलट दोन-तीन वर्षांचे मूल किलोमागे मोठ्यांपेक्षा वेगाने इबुप्रोफेन निकालात काढते. म्हणजे आलेख सरळ रेषेचा नाहीच; आधी खाली, मग वर, पुन्हा खाली.

आणि काही धोके मात्रेच्या गणितात बसतच नाहीत. 1963 साली ऑस्ट्रेलियात डग्लस राय यांनी मुलांच्या मेंदूला सूज आणणाऱ्या व यकृत बिघडवणाऱ्या एका घातक विकाराचे वर्णन केले. फ्लू किंवा कांजिण्यांत ॲस्पिरिन दिलेल्या मुलांना तो जास्त होतो, असे पुढे दिसून आले. 1986 साली अमेरिकेत ॲस्पिरिनच्या वेष्टनावर तसा इशारा सक्तीचा झाला आणि हा विकार दुर्मीळ होत गेला.

आपल्याकडे 1990च्या दशकात तापासाठी मुलांना निमेसुलाइडचे गोड पातळ औषध सर्रास दिले जाई. यकृताला होणाऱ्या इजेची चर्चा बरीच वर्षे चालली. अखेर 2011 साली भारत सरकारने 12 वर्षांखालील मुलांसाठी ते बंद केले. यंगच्या सूत्रातलाच 12 हा आकडा इथे योगायोगाने पुन्हा आला. या वेळी मात्र पाव, अर्धी असा हिशेब नव्हता, मात्रा शून्य होती.