मास्ट पेशी : रंगात सापडलेली साक्षीदार

1878 साली लायपझिग विद्यापीठात पॉल एर्लिख या चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ऊती रंगवण्याच्या पद्धतींवर प्रबंध सादर केला. कापड रंगवण्यासाठी डांबरापासून बनू लागलेले ॲनिलीन रंग त्याने ऊतींच्या पातळ कापांवर वापरून पाहिले. काही पेशी दाणेदार कणांनी गच्च भरलेल्या दिसल्या आणि रंग शोषताना त्या कणांनी त्याची छटाच बदलून टाकली. याच मास्ट पेशी. आजही टोल्युडिन ब्लूने रंगवलेल्या काचेवर बाकी सारे निळे असते, हे कण मात्र जांभळट-लाल उठून दिसतात.

कर्करोगाशी त्यांचा संबंध लवकरच दिसला. एर्लिखचाच विद्यार्थी वेस्टफाल याने 1891 मध्ये गाठींच्या कडेला त्यांची दाटी नोंदवली. ही दाटी कशासाठी, हे कळायला मात्र कणांत काय आहे ते आधी कळावे लागले. 1937 मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी त्यात हेपारिन दाखवले. रंगाची छटा बदलते ती हेपारिनच्या आम्लधर्मी गटांमुळे. 1953 मध्ये रायली आणि वेस्ट यांनी हिस्टामिनही याच पेशींत असल्याचे सिद्ध केले. 1976 मध्ये बोस्टनच्या ज्युडा फोकमन यांच्या गटाने नोंदवले, की गाठीकडे नव्या रक्तवाहिन्या पोहोचण्यापूर्वीच मास्ट पेशी तिथे जमतात. रक्तवाहिन्यांशिवाय गाठ फार वाढू शकत नाही, म्हणून या निरीक्षणाला मोल आले.

आपल्याकडे हा प्रश्न तोंडापाशी येऊन थांबतो. टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळा उभारणारे वसंत रामजी खानोलकर यांनी 1944 मध्ये मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. 1953 मध्ये मुंबईच्याच एस. जी. जोशी यांनी सबम्युकस फायब्रोसिसचे वर्णन केले. या आजारात सुपारीमुळे गालाखालची ऊती घट्ट होत जाते, तोंड उघडेनासे होते आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. अशा ऊतींत आणि कर्करोगातही मास्ट पेशी मोजणारे अभ्यास पुढे भारतात बरेच झाले.

ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या कुणाच्या गालाचा तुकडा तपासणीसाठी शहरातल्या, 1946 साली सुरू झालेल्या गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयात गेला, तरी या पेशी तिथल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकतात. प्रश्न आहे त्यांच्यावर किती विसंबायचे, हा. सिस्टेमिक मास्टोसायटोसिस या आजारात त्यांचे पंधरा किंवा अधिक पेशींचे दाट पुंजके, एकाहून अधिक ठिकाणी सापडणे, हाच निदानाचा प्रमुख निकष आहे. जठर-आतड्यांतल्या 'जिस्ट' गाठींसाठी सीडी117 चाचणी करताना काचेवरच्या मास्ट पेशी रंगल्या, की चाचणी नीट झाल्याची खात्री पटते. तोंडाच्या कर्करोगात मात्र त्यांची संख्या कुठे वाढलेली, कुठे घटलेली आढळते. तिथे निकाल ठरतो तो पृष्ठभागाच्या विकृत पेशी खालच्या थरात घुसल्या आहेत की नाहीत, यावर. मास्ट पेशी साक्ष देते. निवाडा पॅथॉलॉजिस्टने सगळा काप पाहूनच द्यायचा असतो.

म्हणून मास्ट पेशींच्या मोजणीवर आशा जरूर ठेवावी, पण तिची वाट पाहत बसू नये. तंबाखू-सुपारी खाणाऱ्याच्या तोंडातला व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर त्याने तातडीने डॉक्टरांना दाखवावे आणि सांगितली तर बायोप्सी करून घ्यावी. काचेवरची कोणतीही पेशी उपयोगी पडते ती तुकडा वेळेवर तिथे पोहोचला तरच.