चाकणचे मोर्चे : एका लष्करी शब्दाचा मागोवा

‘कामगारांचा मोर्चा कारखान्याच्या फाटकावर गेला’ हें वाक्य आज पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कोणासहि सहज कळतें. परंतु त्याच चाकणच्या जुन्या हकीकतींत किल्ल्यास मोर्चे लागल्याचें वाचून जो जमावाची मिरवणूक डोळ्यांपुढें आणील, तो फसेल. म्हणून या शब्दाचा थोडा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

इ. स. १६६० च्या जून महिन्यांत शाएस्ताखानानें चाकणच्या संग्रामदुर्गास वेढा घातला. किल्ला भुईकोट, भोंवतीं खंदक, आंत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. खानानें आपल्या सरदारांस जागा वांटून देऊन चोहोंकडे मोर्चे बांधविले. सुमारें दोन महिने किल्ला दाद देईना, तेव्हां ऑगस्टांत बुरुजाखालीं सुरुंग नेऊन तो उडविला. त्यानंतर किल्ला मोगलांचे हातीं गेला. येथें मोर्चा म्हणजे फारसी ‘मोर्चाल’ : तोफा व माणसें यांच्या आडोशासाठीं खणून, माती रचून केलेली जागा. ती चालत नाहीं, बांधावी लागते. ‘मोर्चेबांधणी’ या आजच्या राजकारणांतील शब्दांत हा मूळ अर्थ अद्याप शाबूत आहे.

मग या स्थिर वस्तूस पाय कसे फुटले ? आमच्या तर्काप्रमाणें ‘मोर्चा वळविणें’ हा प्रयोग मधला दुवा होय. मोर्च्याचें तोंड नेहमीं शत्रूकडे असावयाचें. कालांतरानें माती गळाली व रोख तेवढा उरला. विसाव्या शतकांत, ज्यावर रोख धरिला त्याच्याकडे चालून जाणारा समुदायच मोर्चा ठरला.

‘सुरुंग’ शब्दाची गति निराळी. कौटिलीय अर्थशास्त्रांत ‘सुरुङ्गा’ म्हणजे भुयार. त्याचें मूळ नळीवाचक ग्रीक ‘सिरिंक्स’ शब्दांत असल्याचें पंडित मानितात. पुढें भुयारांतील दारूसहि तेंच नांव पडलें. आतां विहिरीच्या खडकास सुरुंग लावितात, तसा प्रतिस्पर्ध्याच्या बालेकिल्ल्यासहि.

‘बाजारबुणगे’ हे फौजेमागील बिनलढाऊ लोक. धान्य, वैरण, बाजार यांचा भार त्यांतील पुष्कळांवर असे. लोकभाषेनें मात्र त्यांस कुचकामी ठरविलें. ‘लष्कराच्या भाकऱ्या भाजणें’ म्हणजे परक्याचें काम फुकट अंगावर घेणें, या वाक्प्रचारांतहि तसाच उपहास आहे. लढणारा शिलेदार ‘बिनीचा’ म्हणून गौरवाचा धनी झाला, राबणाऱ्याच्या वांट्यास थट्टा आली. शब्दांच्या या वांटणींत समाजाचा न्यायहि दिसतो.

दप्तरें जमविणाऱ्या व मोडी कागद वाचणाऱ्या विद्वानांस आमची विनंति इतकीच कीं, शब्द ओळखीचा दिसला म्हणजे अर्थहि ओळखीचा असें समजूं नये. कागदाची मिति पाहतों, तशी अर्थाचीहि पाहावी. संग्रामदुर्गाचा तट बराचसा ढांसळला आहे. त्याच्यापुढें बांधलेला मोर्चा मात्र लोकांच्या तोंडीं अजून चालतो आहे.