न दिसणारी जखम

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला. मी सातवी शिकलेली. पण वाचनाची आवड आहे. भीतीने दुखावलेल्या मनाचा इतिहास मला उमजला तसा सांगते.

भगिनींनो, आपल्या हेमलकशात २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. अस्वलाने फाडलेली माणसे डॉ. प्रकाश आमटे यांच्या हातून टाके घेऊन बरी झाली. टाक्यांची खूण दिसते. पण पर्लकोटेचा पूर ओसरल्यावरही पाण्याच्या आवाजाने रात्री ताडकन उठून बसणे, ही जखम कोणाला दिसते? आपण म्हणतो, बाहेरची बाधा झाली. नाहीतर बाईच भित्री!

विलायतेतही असेच म्हणत. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यातून आलेले शिपाई मुके झाले, थरथरू लागले, तर पुष्कळांना भेकड ठरवले. स्कॉटलंडातल्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात तेव्हा डॉ. रिव्हर्स होते. (या गृहस्थांनी पूर्वी निलगिरीवर जाऊन तोडा आदिवासींवर मोठे पुस्तक लिहिले होते. ऐकून घेण्याची सवय तिथलीच असावी, असे मला आपले वाटते.) ‘विसरून जा’ असे सांगू नये, सोसलेले विश्वासाच्या माणसापुढे बोलू द्यावे, असे त्यांनी १९१८ साली मांडले. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत या आजाराला आजचे नाव मिळायला मात्र १९८० साल उजाडले.

आता आपल्याच मुलखातली गोष्ट. वरोऱ्याला वकिली करणाऱ्या बाबा आमटे यांना एका पावसाळी रात्री रस्त्याकडेला तुळशीराम नावाचा महारोगी पडलेला दिसला. हातापायांची बोटे झडलेली, अंगात किडे. बाबा घाबरून पळाले! इंग्रज सोल्जरांना न भ्यालेला हा माणूस. मग परत फिरले, त्याच्यावर आडोसा केला, खाऊ घातले. तरी कित्येक महिने ती भीती त्यांना छळत राहिली. तिच्याकडे पाठ फिरवायची नाही, असे ठरवून ते महारोग्यांची सेवा करू लागले, कलकत्त्याला जाऊन त्या रोगाचे शिक्षण घेतले, आणि आनंदवन उभे राहिले.

बाबांनी ते एकट्याने केले. सर्वांना तसे जमत नाही, आणि जमवायला सांगूही नये. आजच्या मानसोपचारातही भीतीच्या जवळ नेतात, पण पायरीपायरीने, जाणत्याचा हात धरून. पुराला भ्यालेल्या बाईला कोणी एकदम नदीत लोटत नाही. आज काठापर्यंत जायचे, काही दिवसांनी घोटाभर पाण्यात. झोप येत नसेल तर डॉक्टर औषधही देतात. बाई बोलत नसेल तर तिला बोलायची बळजबरी करायची नाही, हेही ते सांगतात. आपण नेमके तेच करतो.

१० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेली-मानस’ ही फोनसेवा सुरू आहे. १४४१६ या नंबरावर रात्रंदिवस, फुकट आणि मराठीतही बोलता येते. माडिया बोलणाऱ्या आयाबायांना मात्र शेजारी बसून दोन्हीकडचे सांगणारी कोणी लागेल. आपल्या मंडळात दोन्ही भाषा येणाऱ्या आहेत.