समुपदेशनातून वगळलेले शील

व्यावसायिक समुपदेशनाचा अमेरिकेतील इतिहास पाहू लागले की एक गोष्ट प्रथम ध्यानात येते. हा व्यवसाय धर्मोपदेशक आणि समाजसुधारक यांच्या अंगणात जन्मला आणि मोठा झाल्यावर त्याने त्या अंगणाकडे पाठ फिरवली. १९०६ साली बोस्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये एल्वुड वूस्टर या धर्मगुरूंनी डॉक्टरांना सोबत घेऊन मानसिक व्यथांवर उपचारवर्ग सुरू केले. १९०८ साली त्याच शहरात फ्रँक पार्सन्स यांनी व्यवसाय-मार्गदर्शन केंद्र उघडले. पार्सन्स मुळात अभियंता, पुढे वकील आणि समाजसुधारक (हे वाचून आपल्यातील अनेकांना बरे वाटेल). त्यांचे काम स्थलांतरितांच्या वस्तीत चाले. तरुणाला योग्य काम मिळणे हा त्यांच्या दृष्टीने समाजाच्या न्यायाचाच भाग होता.

मग वारे फिरले. फ्रॉइड यांनी १९२७ साली धर्माला भ्रम ठरवले. धर्मशास्त्राचे शिक्षण अर्धवट सोडून मानसशास्त्राकडे वळलेल्या कार्ल रॉजर्स यांनी १९४० आणि १९५० च्या दशकांत समुपदेशकाची नवी भूमिका घडवली : निवाडा करू नये, उपदेश देऊ नये, समोरच्या माणसाचा विनाअट स्वीकार करावा. या भूमिकेचे मोल कमी लेखता येणार नाही. तोवर ‘नीती’ या शब्दाआडून किती माणसांना अपराधी ठरवले गेले होते! समलैंगिकतेला मनोविकारांच्या यादीतून वगळायला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेला १९७३ साल उजाडावे लागले. उपदेशापासून सुटका ही अनेकांसाठी खरीखुरी मुक्ती होती.

परंतु उपदेश टाळणे आणि नीतीच टाळणे या दोन गोष्टी एक नव्हेत. १९८० साली ॲलन बर्गिन यांनी नेमके यावर बोट ठेवले : मूल्यांपासून अलिप्त असा मानसोपचार असतच नाही, उपचारकाची मूल्ये न बोलताही काम करीत असतात. अल्बर्ट एलिस यांनी निरीश्वरवादी बाजूने त्यांना उत्तर दिले. तरीही वाद ईश्वर मानणारे आणि न मानणारे यांच्यातच फिरत राहिला. ईश्वराविना नीती हा आपल्याला परिचित असलेला तिसरा मार्ग त्या वादाच्या केंद्रस्थानी आला नाही.

गंमत अशी की बुद्धाचा मार्ग दुसऱ्या दाराने दवाखान्यात शिरतच होता. १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी ध्यानावर आधारित तणावमुक्तीचा कार्यक्रम सुरू केला. आठ आठवड्यांच्या या अभ्यासक्रमातून बौद्ध परिभाषा जाणीवपूर्वक बाजूला ठेवली गेली. वेदनाग्रस्तांना त्याचा लाभ झाला, हे निर्विवाद. मात्र शील, समाधी, प्रज्ञा या त्रयीतील समाधी तेवढी उचलली गेली आणि शील उंबरठ्याबाहेर राहिले.

बाबासाहेबांच्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात क्रम नेमका उलटा आहे. तेथे नीती हीच धम्माचे सार आहे. एकट्या माणसाला धम्माची गरज नाही, दोन माणसांचा संबंध आला की धम्म आवश्यक होतो, असे ते मांडतात. दुःख केवळ मनात उपजत नाही, माणूस माणसाशी जसे वागतो त्यातूनही ते उपजते. शीलाविना ध्यान शिकवले की दुःखाचा हा दुसरा उगम नजरेआड होतो.

परदेशातील आपल्या घरांत हा प्रश्न पुस्तकी नाही. कार्यालयातील भारतीय सहकारी आडनावावरून, गावावरून, आहारावरून हळूहळू चाचपणी करतो. रात्री झोप उडालेला तरुण समुपदेशकाकडे जातो. जात म्हणजे काय हे ठाऊक नसलेला समुपदेशक त्याला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतो. श्वासाने झोप येईलही, पण उद्या त्याच बैठकीत त्याच सहकाऱ्यासमोर बसायचे आहे. त्या सहकाऱ्याचे वर्तन अनैतिक आहे, दोष तुझ्या मनाचा नाही, एवढे स्पष्ट शब्द उच्चारणे हाही त्या तरुणासाठी उपचारच आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराने भेदभावविरोधी कायद्यात जातीचा समावेश केला. कायद्याला जो शब्द कळला, तो समुपदेशकाच्या खोलीत अजून बहुधा आपल्यालाच समजावून सांगावा लागतो. म्हणून समुपदेशक निवडताना पहिल्याच भेटीत त्याला जातीविषयी विचारावे, संकोच करू नये. आणि आपल्या मुलामुलींपैकी कोणी संगणकशास्त्र सोडून समुपदेशनाचे शिक्षण घेऊ म्हणाले, तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी कपाळाला आठ्या घालू नयेत.